पश्चिमेची भिंत आधी ठरवा

मे महिन्यात रात्री साडेदहाला घराच्या पश्चिमेकडच्या भिंतीला आतून तळहात लावून बघा. दिवस मावळून साडेतीन तास झालेले असतात, अंगणात वारा सुटलेला असतो, आणि भिंत मात्र नुकत्याच उतरवलेल्या तव्यासारखी लागते. नवीन घर बांधायला निघालेल्या प्रत्येकाला मी हे आधी करायला सांगतो, सध्या राहतोय त्या घरात. कोणती वीट घ्यायची, कोणता ब्लॉक घ्यायचा, ते त्यानंतर.

मी गवंडी आहे, औसा तालुक्यातला. वडीलही गवंडीच. त्यांचा हात दगड-मातीच्या कामात बसलेला, माझा विटा आणि ब्लॉकमध्ये. गेली पंचवीसेक वर्षं लातूर, निलंगा, उमरगा या पट्ट्यात घरं बांधतोय. लोक येतात आणि विचारतात, "मिस्त्री, घर थंड राहायला कोणता माल घालू?" त्यांना एका शब्दात उत्तर हवं असतं. ते मी देत नाही, कारण ऊन चारही भिंतींवर सारखं पडत नाही.

उन्हाळ्यात आपल्याकडे सूर्य कुठून जातो ते बघा. लातूरला मेच्या मध्याला एका दुपारी सावली पायाखालीच नाहीशी होते, त्याला शून्य सावलीचा दिवस म्हणतात. तिथून जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला राहतो. म्हणजे लोक ज्या दक्षिणेच्या भिंतीला घाबरतात, तिच्यावर त्या दिवसांत थेट ऊन येतच नाही, आणि एप्रिलमधलं ऊन दीड-दोन फुटांचा छज्जा अडवतो. पूर्वेला सकाळचं ऊन लागतं, पण तेव्हा हवाही गार असते आणि भिंतही. पश्चिमेचं तसं नाही. तिथे ऊन दुपारी दोननंतर येतं, हवा चाळिशीच्या वर गेलेली असताना, आणि तिरपं होत होत सरळ भिंतीच्या छातीवर पडतं. तिथे छज्ज्याचा उपयोग नाही. म्हणून हातात पैसे बेताचे असतील तर चांगला माल पश्चिमेच्या भिंतीत घाला. दक्षिणेला आणि उत्तरेला नऊ इंची पक्की वीट पुरते.

छताबद्दल एवढंच सांगतो, की एकमजली घरात छत भिंतीपेक्षा जास्त तापवतं. छतावर चुना किंवा पांढरा थर, पांढऱ्या फरश्यांचे तुकडे, काही ना काही कराच. ते सोडून नुसती भिंत महागाची केली तर मे महिन्यात फरक जाणवणार नाही, आणि मग माणूस ब्लॉकला दोष देतो.

"पण मिस्त्री, आमच्या आजोबाचं माळवद तर पंख्याशिवाय गार असायचं." हे वाक्य मी दर उन्हाळ्यात ऐकतो, आणि ते खरंच आहे. दोन-दोन फुटांच्या दगड-मातीच्या भिंती, वर तुळया, त्यावर हातभर पांढऱ्या मातीचा थर. मी लहानपणी अशाच घरात झोपलो. पण दगड स्वतः थंड असतो म्हणून ते घर गार राहायचं, हा गैरसमज आहे. दगडातून उष्णता विटेपेक्षा भराभर जाते. दोन फूट दगडाची भिंत आणि नऊ इंच विटेची भिंत उष्णता अडवण्यात जवळपास बरोबरीच्या. फरक वजनाचा होता. एवढा मोठा दगड तापायलाच दिवस जायचा. दुपारची धग आतल्या बाजूला पोचायच्या आधी रात्र व्हायची आणि पहाटेच्या गारव्यानं भिंत परत उतरायची.

त्याच वजनानं माणसं मारली. ३० सप्टेंबर १९९३, गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतरची पहाट, चारला थोडा वेळ कमी असताना भूकंप झाला. मी तेरा वर्षांचा होतो. आमच्या गावात भिंती नुसत्या पडल्या नाहीत, फुटल्या. बाहेरचा दगडांचा थर बाहेर आणि आतला आत, कारण दोन थरांना जोडणारा आरपार दगडच कुणी घातला नव्हता. आणि वरून मातीचं ओझं. किल्लारीत, सास्तूरला, आजूबाजूच्या कितीतरी गावांत हजारो माणसं झोपेतच गेली. तोवर हा भाग भूकंपाच्या नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात धरलेला होता. माझ्या वडिलांनी त्यानंतर दगड-मातीचं एकही घर उभं केलं नाही. मीही करणार नाही, कुणी कितीही हौसेनं "जुन्यासारखं बांधू" म्हणालं तरी. कमी वजनाची आणि उष्णता अडवणारी भिंत शोधायची, हे मी तेव्हापासून धरून चाललोय.

आता थोडे आकडे. एका ओळखीच्या इंजिनिअर पोरानं मला ते वहीत मांडून दिले. माल उष्णता किती वाहून नेतो याचे आकडे त्यानं ऊर्जा दक्षता ब्युरोच्या २०१८ च्या इको निवास संहितेच्या कोष्टकावरून धरले. दहा फूट बाय दहा फूट भिंत घ्या, दोन्ही बाजूंनी गिलावा. बाहेर ४२ अंश, आत ३२. नऊ इंची विटेच्या भिंतीतून साधारण १८० वॅट उष्णता आत येते. साडेचार इंची विटेतून २६० च्या आसपास. सहा इंची भरीव काँक्रीट ब्लॉकमधून ३००, म्हणजे जुने शंभर वॅटचे तीन दिवे खोलीत पेटत ठेवल्यासारखं. आणि आठ इंची एएसी ब्लॉकमधून, म्हणजे वाफेच्या दाबाखाली शिजवलेला, बारीक छिद्रांचा हलका काँक्रीट ब्लॉक, ज्याला आपल्याकडे सरसकट सिपोरेक्स म्हणतात, सत्तरच्या आसपास. हा हिशेब सावलीतल्या भिंतीचा आहे. ऊन लागलं की बाहेरचा पृष्ठभाग हवेपेक्षा कितीतरी जास्त तापतो आणि सगळेच आकडे वर जातात, पण त्यांचं एकमेकांशी प्रमाण तेच राहतं.

वजनाचा हिशेब मी स्वतः केलाय. तेवढ्याच भिंतीला दोन फूट दगड लावला तर बारा टन. नऊ इंची वीट, माल धरून, साडेतीन ते चार टन. आठ इंची एएसी सव्वा टनाच्या आसपास. जमीन हलते तेव्हा भिंतीवर येणारा जोर तिच्या वजनाच्या प्रमाणात असतो, त्यामुळे आमच्या भागात या दुसऱ्या आकड्याला मी पहिल्याइतकंच महत्त्व देतो.

हे सगळं मला आधी माहीत असतं तर बहिणीच्या घरात ती चूक झाली नसती. निलंग्याजवळ तिचं दोन खोल्यांचं घर मीच बांधलं. पैसे कमी होते, काँक्रीटचे सहा इंची ब्लॉक स्वस्तात मिळत होते, भिंती भराभर वर गेल्या. झोपायची खोली पश्चिमेला. पहिल्याच एप्रिलमध्ये तिचा रात्री फोन आला, "दादा, भिंत पेटल्यावानी लागायलीय. लेकराला झोप लागंना." मी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गेलो आणि रात्री तिथेच थांबलो. भाची भिंतीपासून लांब, दारात पोत्यावर झोपली होती. मी भिंतीला हात लावला आणि मला काही बोलवेना.

ती भिंत पाडली नाही. बाहेरून दोन इंचांची पोकळी सोडून चार इंची एएसीची दुसरी भिंत उभी केली. लोखंडी गॅल्व्हनाइज्ड पट्ट्यांनी दर दोन फुटांवर जुन्या भिंतीशी बांधली, खाली पाणी निघून जायला भोकं ठेवली. त्या बाजूला पायापासून उचललेला ओटा होता म्हणून हे जमलं. तो नसता तर मी केलं नसतं. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. नुसत्या फरशीवर टेकवलेली भिंत वर्षभरात मूळ भिंतीपासून सुटून आली असती. या कामानं आत येणारी उष्णता साधारण एक तृतीयांशावर आली. ज्यांचं घर आधीच बांधून झालंय त्यांनी, खाली पाया असेल तर, हा उपाय इंजिनिअरला दाखवून जरूर करावा. पाया नसेल तर पश्चिमेला पत्र्याची किंवा बांबूची पडवी काढा, भिंतीपासून हातभर लांब वेल चढवा, कडुनिंब लावा. भिंतीवर ऊनच पडू न देणं हे कुठल्याही मालापेक्षा भारी आहे.

नवीन घराला माझी निवड अशी. कॉलम-बीमचा सांगाडा, पश्चिमेला आठ इंची एएसी, आणि झोपायच्या खोल्यांच्या बाहेरच्या सगळ्याच भिंती एएसीच्या. झोपायच्या खोल्यांचं कारण वेगळं आहे. नऊ इंची वीट दुपारची धग सहा-आठ तास धरून ठेवते आणि बरोबर आपण अंथरूण टाकतो तेव्हा आत सोडते. दिवसा वापरायच्या बैठकीला ही गोष्ट सोयीची, कारण दुपारभर ती खोली बरी राहते आणि रात्री तिथे कुणी नसतं. झोपायच्या खोलीला मात्र हलकी भिंत हवी. खिडक्या उघडल्या की रात्रीच्या वाऱ्यानं खोली लवकर निवते. आतल्या आडभिंती विटेच्याच ठेवा. त्या घराचा गारवा धरून ठेवतात आणि त्यांवर ऊन येत नाही.

एएसी घेताना फसवणूक होते, म्हणून जरा थांबून सांगतो. फेसाळ काँक्रीटचे ओतीव ब्लॉकही त्याच रंगाचे आणि मापाचे येतात, आणि एएसी म्हणून विकले जातात. ते भट्टीत वाफेच्या दाबाखाली शिजवलेले नसतात, त्यामुळे नंतर जास्त आकसतात आणि भिंतीला भेगा पडतात. बिलावर आणि ब्लॉकच्या गठ्ठ्यावर आयएस २१८५ भाग ३ लिहिलेलं आहे का बघा. दोन फूट लांब, आठ इंच उंच, आठ इंच जाड ब्लॉक कोरडा असेल तर चौदा-पंधरा किलो भरतो. कारखान्यातून नुकताच आलेला ओलाव्यामुळे तीन-चार किलो जास्त. करवतीनं कापून बघा, छिद्रं बारीक आणि सगळीकडे सारखी दिसली पाहिजेत. तुकडा बादलीत टाका, चांगला कोरडा ब्लॉक सुरुवातीला पाण्यावर तरंगतो. आणि माल उतरवताना स्वतः हजर राहा, कोपरे तिथेच तुटतात.

लावण्याची पद्धत विटेपेक्षा वेगळी आहे, आणि अर्ध्या तक्रारी इथूनच सुरू होतात. ब्लॉक टाकीत बुडवायचा नाही, ब्रशनं पाणी फिरवलं की झालं. सांधा तयार मसाल्याचा, ज्याला कारागीर केमिकल म्हणतात, तीन मिलिमीटरचा; जाड सिमेंट मालाचा सांधा केला तर उष्णता त्या सांध्यांतूनच आत येते. उभे सांधेही भरायचे. घाईत गवंडी ते रिकामे सोडतो, त्याच्यावर लक्ष ठेवा. जोत्याच्या खाली एएसी कधीही नाही, आणि जोत्यावर ओल रोखणारा थर टाकल्याशिवाय पहिला ब्लॉक नाही. दर तीन-साडेतीन फुटांवर दोन सळया घातलेला काँक्रीटचा पातळ पट्टा, तो दोन्ही कॉलमना गुंतवलेला. बीमच्या खालची शेवटची फट लगेच भरू नका, आठ-दहा दिवस भिंत बसू द्या. कॉलम आणि ब्लॉक भेटतात तिथे चिकन जाळी मारूनच गिलावा, आणि गिलावा सिमेंट कमी असलेला, एकास सहा, दोन हातांत. सिमेंट जास्त घातलं की मजबुती येते असं मालकाला वाटतं. एएसीवर त्यानं जाळीदार भेगा येतात आणि पावसाचं पाणी आत मुरतं. कपाट, टीव्ही, गीझर कुठे टांगायचा हे आधीच सांगा. साधा खिळा यात धरत नाही, तिथे काँक्रीटचा तुकडा बसवून ठेवावा लागतो.

कॉलम-बीम परवडत नसेल, घर भिंतींवरच उभं करायचं असेल, तर एएसी नको. तेव्हा नऊ इंची पक्की वीट, आणि जोत्यावर, दारं-खिडक्यांच्या वर आणि छताखाली चारही भिंतींवरून अखंड फिरणारा काँक्रीटचा पट्टा, कोपऱ्यांत उभी सळई. यात पैसे वाचवू नका. अशा घरात पश्चिमेला ओसरी काढा किंवा न्हाणी, जिना, कोठीची खोली तिकडे टाका. मधे खोली आली की झोपायच्या जागेपर्यंत धग येत नाही.

विटेचं आमच्याकडे एक दुखणं आहे. काळ्या मातीची वीट वाळताना तडकते, म्हणून भट्टीवाले तिच्यात राख मिसळतात, गाळ मिसळतात, आणि भट्टी नीट न लागलेली पिवळट वीटही त्याच ट्रॅक्टरमध्ये येते. दोन विटा एकमेकींवर वाजवा, खणखणीत आवाज आला पाहिजे. नखानं ओरखडा उठता कामा नये. छातीच्या उंचीवरून जमिनीवर सोडा, तुकडे झाले तर गाडी परत पाठवा. आणि ही परीक्षा कुणी करत नाही, पण मी करायला लावतो: कोरडी वीट वजन करा, चोवीस तास पाण्यात ठेवा, परत वजन करा. तीन किलोची वीट तीन किलो सहाशेच्या वर गेली तर ती नको. पाणी पिणारी वीट बोअरच्या खाऱ्या पाण्यानं लोणा धरते आणि गिलावा सोलून काढते.

राखेची वीट, म्हणजे फ्लाय ॲशची, परळीच्या औष्णिक केंद्रामुळे आमच्याकडे लोकांना ओळखीची झाली. माप एकसारखं, माल कमी लागतो, शेतातली माती वाचते. घ्यायला माझी हरकत नाही. पण "राखेची वीट थंड असते" असं दुकानदार म्हणाला तर मानू नका. उष्णता अडवण्यात ती लाल विटेसारखीच आहे.

पोकळ जोडाचं वीटकामही लोक विचारतात, ज्यात विटा उभ्या लावून मधे पोकळी ठेवतात. लॉरी बेकर यांनी केरळात ते पसरवलं. साधारण पाव हिश्श्यानं विटा वाचतात, उष्णताही थोडी कमी येते. पण त्याला सरळ कडांची वीट लागते, आणि आमच्या गावठी विटांत तशी निवडून काढता काढता दिवस जातो. राखेच्या विटेत जमतं. मातीचे दाबलेले ब्लॉक काळ्या मातीत करू नका.

किंमत विचारताना नगाचा भाव विचारू नका. शंभर चौरस फूट तयार भिंतीचा भाव काढा. नऊ इंची कामाला हजारभर विटा लागतात, एएसीचे पंच्याहत्तर-सत्त्याहत्तर ब्लॉक. मग त्यात सांध्याचा माल, दोन्ही बाजूंचा गिलावा, मजुरी, गाडीभाडं, वाटेतली तूटफूट मिळवा. आणि पाणी. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून जलदूत रेल्वेनं लातूरला पाणी आलं, तेव्हा माझी तीन कामं सुरू होती. वीटकामावर आठवडाभर दोन वेळा पाणी मारावं लागतं. प्यायला टँकर मिळत नव्हता तिथे भिंतीला कुठून आणू? दोन कामं मी बंद ठेवली. तिसरं एएसीचं होतं. ब्लॉक कारखान्यातच पक्का झालेला असतो, सांध्याला पाणी मारायची गरज पडत नाही, फक्त पट्ट्यांना आणि गिलाव्याला पाणी लागतं. ते काम चाललं. तेव्हापासून टँकरचा खर्च मी हिशेबात वेगळ्या ओळीत लिहितो, आणि ती ओळ बघून बऱ्याच जणांचा निर्णय बदलतो.

बाहेरचा रंग पांढरा किंवा फिका ठेवा. हल्ली पुढच्या बाजूला काळा दगड, गडद करड्या टाइल्स लावायची टूम आहे. पुढची बाजू पश्चिमेला असेल तर कृपा करून लावू नका. इतका खर्च करून अडवलेलं ऊन आपणच त्या काळ्या दगडानं ओढून घेतो.

भिंत पूर्ण झाली की गिलावा सुरू करण्याआधी एक काम मालकानं स्वतः करायचं. भर दुपारी आत जा, दारं-खिडक्यांच्या जागा ताडपत्रीनं झाका आणि डोळे अंधाराला सरावेपर्यंत पाच मिनिटं उभे राहा. जिथे सांध्यातून उजेडाची टाचणी दिसेल तिथे खडूनं गोल करा. पश्चिमेच्या भिंतीवर मला एकदा एकतीस गोल सापडले होते, माझ्याच माणसांच्या कामात. ते सगळे बाहेरून आणि आतून भरून घेतल्याशिवाय गवंड्याला थापी उचलू देऊ नका.